रोडामिन दिसतो, डायक्लोफेनॅक दिसत नाही: सोन्याच्या कणांवर राग काढण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हालाही कळेल. तुम्ही सायट्रेटच्या पद्धतीने सोन्याचे साधारण २० नॅनोमीटरचे कण केलेत. वाइनसारखा छान लाल रंग आला. काचपट्टीवर थेंब वाळवून रामन यंत्रात ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरखाली रोडामिन ६जी हा रंजक तपासला, तर तो १० नॅनोमोलरलाही (एक नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा अब्जांश, मायक्रोमोलर त्याच्या हजारपट) ठळक दिसला. मग खरं काम सुरू केलंत, पाण्यातलं डायक्लोफेनॅक, म्हणजे ते वेदनाशामक औषध, शोधायचं. ते १०० मायक्रोमोलरलाही दिसेना. त्यात एकाच थेंबात दोन जागी मोजलं की तीव्रतेत दहापट फरक. त्यावरून तुमचा निष्कर्ष असा, की गोल कण कमी पडताहेत, आता चांदणीसारखे टोकदार कण करायला हवेत. ते करू का, असं विचारलंय.

आत्ता तरी करू नका. तुम्ही सांगितलंय त्यावरून कणांत फारसा दोष दिसत नाही. माझा संशय असा आहे, की तुमचा रेणू सोन्यापर्यंत पोचतच नाही. आणि पोचला असता, तरी हिरव्या लेझरने तो दिसला नसता. या दोन्ही गोष्टी रोडामिनने तुमच्यापासून लपवून ठेवल्या. टोकदार कण केलेत तर हाच अनुभव जास्त मेहनतीने पुन्हा येईल.

थोडं मुळातून सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. १९२८ साली रामन आणि कृष्णन यांनी दाखवलं, की रेणूवर पडून विखुरणाऱ्या प्रकाशातल्या अगदी थोड्या भागाचा रंग किंचित बदलतो, आणि तो बदल त्या रेणूच्या कंपनांची खूण असतो. ओळख पटवायला याहून चांगली खूण मिळणं कठीण. अडचण एवढीच, की लाखो-कोटी फोटॉन पडावेत तेव्हा एखादा असा रंग बदलून येतो. म्हणून साध्या रामन यंत्रावर पाण्यातला पदार्थ मिलिमोलरच्या खाली गेला की बहुतेकदा दिसेनासा होतो.

धातूचा नॅनोकण इथे मदतीला येतो. त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर मागेपुढे हिंदकळतात. रंग बरोबर जुळला की हे हिंदकळणं जोर धरतं आणि कणाच्या अंगालगत विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी वाढतं. हे क्षेत्र दोनदा कामाला येतं: एकदा येणारा प्रकाश रेणूवर जोरात आदळवायला, आणि एकदा रेणूने टाकलेला प्रकाश बाहेर फेकायला. म्हणून क्षेत्र दहापट वाढलं, तर सिग्नल दहाच्या चौथ्या घाताने, म्हणजे दहा हजार पटींनी वाढतो. क्षेत्र तीसपट असेल तर सिग्नल आठ लाख पट. हा चौथा घात लक्षात ठेवा. सर्समधली (धातूच्या पृष्ठभागाजवळ रामन सिग्नल वाढवण्याच्या या पद्धतीतली) सगळी जादू त्याचीच, आणि डोकेदुखीही त्याचीच.

कारण वाढीला जसा चौथा घात लागतो तसाच घसरणीलाही. २० नॅनोमीटर त्रिज्येचा एकटा गोळा घ्या. त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूचा सिग्नल १०० धरला, तर २ नॅनोमीटर दूर असलेल्या रेणूचा उरतो सुमारे ३२, आणि ५ नॅनोमीटरवरच्याचा जेमतेम ७. कणाच्या केंद्रापासूनचं अंतर वाढेल तसा तो गणिताने त्या अंतराच्या बाराव्या घाताने पडतो. दोन कणांच्या फटीत तर ही घसरण याहूनही तीव्र. तेव्हा थेंबात तरंगणारा रेणू कणाच्या शेजारून गेला काय आणि न गेला काय, यंत्राच्या लेखी तो नाहीच. त्याने धातूला खेटून बसायला हवं.

आता एक छोटा हिशोब. हा मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून पहिल्या आठवड्यात करून घेते. समजा कण ४० नॅनोमीटरचे आहेत आणि द्रावणात सोनं पाव मिलिमोलर आहे. अशा एका कणात सोन्याचे सुमारे वीस लाख अणू मावतात, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये साधारण साडेसात हजार कोटी कण झाले. आकडा अफाट वाटतो. पण त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग काढा, एका रेणूला बसायला अर्धा चौरस नॅनोमीटर जागा द्या, आणि सगळी जागा भरायला किती रेणू लागतील ते मोजा. उत्तर येतं साधारण १ मायक्रोमोलर. तुमचे कण २० नॅनोमीटरचे, म्हणजे तेवढ्याच सोन्यात पृष्ठभाग दुप्पट, उत्तर २ मायक्रोमोलर. तुम्ही टाकलेत १०० मायक्रोमोलर. सगळ्या खुर्च्या भरायला जेवढे पाहुणे लागतात त्याच्या पन्नासपट बोलावलेत, आणि खुर्च्या तरी रिकाम्याच. याचा अर्थ पाहुणे कमी नाहीत, त्यांना बसायचंच नाहीये. इथे प्रमाण वाढवून उपयोग नाही. आणि चिकटणारा रेणू असता, तरी २ मायक्रोमोलरच्या वर सिग्नल सपाटच झाला असता. सर्सचा आलेख सरळ रेषेत का जात नाही, याचं पहिलं कारण हेच.

त्यांना बसायचं का नाही? डायक्लोफेनॅक हे आम्ल आहे, त्याचा पीकेए (ज्या पीएचला अर्धे रेणू भारित होतात तो आकडा) ४ च्या आसपास. साध्या पाण्याच्या पीएचला ते जवळजवळ सगळं ऋणभारित असतं. तुमच्या सोन्यावर सायट्रेट बसलेलं, तेही ऋणभारित. त्या भारामुळेच कण एकमेकांपासून दूर राहतात आणि बाटली महिनोनमहिने लाल राहते. म्हणजे रेणू ऋण, कणही ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात. त्यात डायक्लोफेनॅककडे सोन्याला घट्ट धरणारा गंधकाचा हात नाही. जे आहेत ते कार्बोक्झिलेट आणि दोन वलयांमध्ये दडलेला नायट्रोजन, आणि सोन्याला या दोन्हींची फारशी ओढ नसते. रोडामिन ६जी मात्र धनभारित. ऋण कणांवर तो आपणहून जाऊन बसतो. तुम्ही परीक्षा घेतलीत धनभारित रेणूची आणि निकाल लावलात ऋणभारिताला.

रोडामिनने दुसरंही एक झाकलं. तो ५३० नॅनोमीटरच्या आसपास जोरात प्रकाश शोषतो, आणि तुमचा लेझर ५३२ चा. रंग जुळल्यामुळे त्याचं रामन विकिरण धातू नसतानाही कित्येक पटींनी वाढलेलंच असतं. फक्त एरवी त्याच्या स्वतःच्या झगझगीत प्रतिदीप्तीत, म्हणजे प्रकाश शोषून तो परत टाकतो त्या उजेडात, ते बुडून जातं. सोन्यालगत ती प्रतिदीप्ती विझते आणि शिखरं उघडी पडतात. तुम्ही जी १० नॅनोमोलरची कमाई पाहिलीत, तिचा मोठा वाटा रोडामिनचा आहे, कणांचा नाही. या विषयातल्या जाहिरातवजा आकड्यांकडे मी याच कारणाने साशंकतेने बघते. रोडामिनवर काढलेली शोधमर्यादा, म्हणजे दिसू शकणारं सगळ्यात कमी प्रमाण, रोडामिन शोधायचा असेल तरच कामाची.

तिसरी बाब सोनं आणि हिरवा लेझर यांची. सोनं पिवळं का दिसतं? कारण हिरव्या-निळ्या भागातला प्रकाश त्याचे खोलवरचे इलेक्ट्रॉन गिळून टाकतात. त्या भागात हिंदकळणं लवकर दमतं आणि क्षेत्र फारसं वाढत नाही. तुमच्या द्रावणाचं शोषण-शिखर ५२० च्या आसपास येतंय म्हणून ५३२ चा लेझर जुळला, असं वाटणं साहजिक आहे. मीही सुरुवातीला तसंच धरलं होतं. पण ते शिखर मुख्यतः गिळलेल्या प्रकाशाचं असतं. सोन्यासाठी ६३३ किंवा ७८५ घ्या. हातात फक्त हिरवा लेझर असेल तर चांदी वापरा. दृश्य प्रकाशाच्या जवळपास सगळ्या पट्ट्यात चांदीला ही अडचण नसते आणि ती सोन्यापेक्षा जास्त वाढ देते. तिचे तोटे वेगळे. ती लवकर काळवंडते, आणि आजची बाटली मागच्या महिन्याच्या बाटलीसारखी वागेलच याची खात्री नसते.

आता दहापट फरकाकडे. हा तुमचा हलगर्जीपणा नाही. क्षेत्र सगळ्यात जास्त वाढतं ते दोन कणांमधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत. आम्ही तिला हॉटस्पॉट म्हणतो. २००८ साली एका गटाने चांदीच्या पृष्ठभागावर मोजून दाखवलं, की दहा लाखांतले फक्त ६३ रेणू एकूण सिग्नलचा २४ टक्के भाग देतात. म्हणजे तुम्ही मोजता ती सरासरी नसतेच, ती मूठभर नशीबवान रेणूंची ओरड असते. तुमच्या लेझरचा ठिपका पन्नासपट भिंगाखाली जेमतेम एक मायक्रोमीटरचा. त्यात दोन चांगल्या फटी जास्त आल्या की सिग्नल उसळतो, नाही आल्या की झोपतो. वर थेंब वाळवलात, म्हणजे कण कडेला सरकून कॉफीच्या डागासारखी कड धरतात. कडेवर मोजलं तर एक उत्तर, मध्ये मोजलं तर दुसरं.

उपाय फारसा शोभिवंत नाही. वाळवू नका, ओल्यातच मोजा. लहान कुपीत द्रावण, दहापट भिंग, ठिपका मोठा. कण हलत राहतात, ठिपक्यातून सतत नवे पुंजके जातात, आणि दहा-वीस सेकंदांच्या मोजणीत सरासरी आपोआप होते. माझ्या हातात या एका बदलाने फरक दहापटीवरून १५-२० टक्क्यांवर आला होता, आणि त्यासाठी एक पैशाचंही नवं साहित्य लागलं नव्हतं.

पण ओल्यात फटी तयार कराव्या लागतात, म्हणजे कणांना मुद्दाम थोडं एकत्र आणावं लागतं. हे काम मिठाचं. ही पायरी लिहिलेल्या कृतीतून शिकता येत नाही, डोळ्यांनी बघावी लागते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कुपीत लाल द्रावण घ्या, आधी तुमचा नमुना घाला, दोन मिनिटं थांबा. मग मिठाचं पाणी थेंबथेंब घालत कुपी हलकेच हलवा. साध्या मिठाचं (सोडियम क्लोराइडचं) अंतिम प्रमाण २० ते ५० मिलिमोलरच्या दरम्यान कुठेतरी बसतं, कण किंवा मीठ बदललं की तेही बदलतं. आधी काहीच होत नाही. मग लाल रंग किंचित मळतो, जांभळट होतो, आणि कधी एका थेंबात निळसर राखाडीकडे झुकतो. जांभळं झालं की थांबा. शोषणाच्या आलेखात ५२० चं शिखर थोडं बसतं आणि ६५० च्या पुढे एक खांदा वर येतो. तो खांदाच तुमच्या ७८५ च्या लेझरच्या कामाचा. इथून पुढे काही मिनिटांची खिडकी असते. लवकर मोजलं तर फटी पुरेशा नाहीत, उशीर केला तर तळाशी काळी कुसळं बसायला लागतात आणि वरचं पाणी रिकामं होतं. म्हणून मीठ घातल्यापासून किती सेकंदांनी मोजलं, हे वहीत लिहा आणि दर वेळी तेच ठेवा. नमुना आणि मीठ यांचा क्रमही बदलू नका. आधी मीठ घातलं तर फटी रेणूशिवायच मिटतात.

मीठ म्हटलं की सगळे सोडियम क्लोराइड उचलतात. पण क्लोराइड स्वतः धातूला धरतं. तुमचा रेणू आधीच बसायला नाखूश, त्यात जागेवर दुसऱ्याने रुमाल टाकलेला. अशा वेळी मी मॅग्नेशियम सल्फेट वापरते. सल्फेट पृष्ठभागाला विशेष चिकटत नाही, आणि दोन धनभारांचा मॅग्नेशियम ऋण कण आणि ऋण रेणू यांच्यात थोडीफार मध्यस्थीही करतो. काही ऋण रेणूंवर एवढ्यानेच काम झालं आहे. तुमच्यावर होईल का? मी पैज लावणार नाही, पण प्रयोग अर्ध्या तासाचा आहे, करून बघा.

त्याने नाही झालं तर दोन वाटा उरतात. पहिली वाट पीएच उतरवण्याची. ३ च्या आसपास डायक्लोफेनॅक बिनभाराचं होतं, म्हणजे ढकलाढकली थांबते. पण त्याच पीएचला त्याची पाण्यातली विद्राव्यता घसरते आणि सायट्रेटचा भारही कमी होऊन कण मीठ न घालताच गोळा व्हायला लागतात. तुम्ही मायक्रोमोलरच्या पातळीवर असाल तर विद्राव्यतेचा प्रश्न फार येत नाही, कण सांभाळणं मात्र जड जातं. दुसरी वाट, आणि माझी आवडती, कणांचाच भार उलटा करण्याची. सिस्टिअमीनच्या उपस्थितीत सोडियम बोरोहायड्राइडने सोनं क्षपित केलं की धनभारित कण मिळतात. गंधकाचं टोक सोन्यात रुततं, अमाइनचं टोक बाहेर राहून ऋण रेणूंना बोलावतं. मधला थर अर्धा-पाऊण नॅनोमीटरचा, म्हणजे मघाच्या हिशोबाने सिग्नलचा साधारण पाव ते एकतृतीयांश भाग गमावतो. रेणू शंभरपट जास्त येत असतील तर हा सौदा फायद्याचाच. सिस्टिअमीनची स्वतःची शिखरं दिसतील, पण त्यातली ठळक ६०० ते ७५० च्या पट्ट्यात येतात (तरंगांक सेंटिमीटरमागे, पुढेही तसंच समजा). तुमच्या वलयांची खूण १६०० च्या आसपास, त्यामुळे फारशी गाठ पडत नाही.

इथे एक गोष्ट खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: पाणी कुठलं? प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी असेल तर वरचं सगळं लागू. नदीचं किंवा सांडपाणी असेल तर धनभारित कण त्यातल्या प्रत्येक ऋण गोष्टीला बोलावणार: कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी ह्यूमिक आम्लं, बायकार्बोनेट, साबणाचे अवशेष. डायक्लोफेनॅक त्या गर्दीत मागे पडेल. मग आधी घन-प्रावस्था निष्कर्षणाच्या छोट्या नळीतून नमुना गाळून, धुऊन, घट्ट करून घ्यावा लागतो. आणि नियमाच्या कामासाठी अचूक आकडा हवा असेल, तर द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापी यांची जोडी सर्सपेक्षा अजूनही भरवशाची आहे, हे सर्समध्ये आयुष्य घालवूनही मी सांगते. सर्सचा फायदा वेगात आणि जागेवर मोजण्यात.

रेणू चिकटतोय की नाही हे रामन यंत्राशिवायही तपासता येतं, आणि मी ते आधी करायला सांगेन. कण सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून पन्नासपट घट्ट करा. मघाचा हिशोब लावलात तर आता जागा साधारण १०० मायक्रोमोलर रेणूंपुरती आहे. त्यात ५० मायक्रोमोलर डायक्लोफेनॅक घाला, थांबा, कण पुन्हा बसवा, आणि वरच्या स्वच्छ पाण्याचं २७६ नॅनोमीटरला शोषण मोजा. तिथे डायक्लोफेनॅकचं शोषण-शिखर आहे. जेवढं घातलं तेवढंच वर सापडलं, तर कण रिकामे आहेत आणि लेझर चालू करण्यात अर्थ नाही. अर्धं गायब झालं, तर बसलंय. तुलनेला तेवढंच डायक्लोफेनॅक नुसत्या पाण्यात घालून त्याच नळ्यांतून फिरवून घ्या, कारण प्लॅस्टिकच्या नळ्याही थोडंफार धरतात.

धातू आणि लेझर ठीक आहेत का हे बघायला रोडामिनऐवजी थायोफिनॉल किंवा ४-मरकॅप्टोबेन्झॉइक आम्ल घ्या. दोन्ही गंधकाने घट्ट बसतात आणि लाल लेझरला जुळणारा रंग त्यांना नाही, त्यामुळे वाढ दिसली तर ती धातूची. मरकॅप्टोबेन्झॉइक आम्लाची १०७८ आणि १५८८ ची जोडी ओळखायला सोपी. ४-अमिनोथायोफिनॉल मात्र टाळा. लेझरखाली त्याचे दोन रेणू जोडून नवाच अ‍ॅझो रेणू बनतो, आणि ११४०, १३९०, १४३२ ला शिखरं उगवतात. कित्येक वर्षं लोक ती मूळ रेणूचीच समजत होते.

शिखरांवरून माझा एक जुना फजितीचा किस्सा. एका प्रकल्पात आम्ही एक कीटकनाशक शोधत होतो. १३५० आणि १५८० ला दोन रुंद, दणदणीत शिखरं मिळाली. प्रमाण वाढवलं की थोडी वाढल्यासारखी वाटायची. आम्ही आठ आठवडे त्यावर काम केलं, तक्ते केले, आलेख काढले. एका दुपारी नमुना संपला म्हणून एका विद्यार्थिनीने नुसत्या कणांवर लेझर टाकला, आणि तीच दोन शिखरं समोर उभी. ती जळलेल्या सायट्रेटची होती. लेझरचा जोर जास्त झाला की धातूवरचे सेंद्रिय रेणू कोळसा होतात, आणि कोळशाची ओळख हीच, १३५० आणि १५८० चे दोन रुंद डोंगर. तुमची शिखरंही १६०० जवळच अपेक्षित आहेत, म्हणून तुम्हाला हा सापळा खास लागू होतो. शिखर अरुंद असेल, सेकंदागणिक नाचत नसेल आणि लेझर अर्धा केल्यावर साधारण अर्धंच होत असेल, तर विश्वास ठेवा. आणि कोरा नमुना, म्हणजे कण, मीठ, पाणी सगळं तेच पण रेणू नाही, दर दिवशी पहिला मोजा. आम्ही तो पहिल्या दिवशी एकदाच मोजला होता, कमी लेझरवर.

काचेच्या भांड्यांबद्दल एवढंच, की साबणाचा अंश राहिला तर तो तुमच्या रेणूच्या आधी सोन्यावर जाऊन बसतो. आम्लराजाने (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) धुवा, धूरकपाटातच, आणि ते कधीही बंद बाटलीत ठेवू नका. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटते.

कणांच्या आकाराचा तुमचा विचार अगदीच चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ पुढची आहे. २० नॅनोमीटर मात्र खरंच लहान आहेत. ४० ते ६० च्या दरम्यान जा. त्याच कृतीत सोन्याच्या तुलनेत सायट्रेट कमी घातलं की कण मोठे होतात. चांदण्यांसारखे कण एकेकटेच टोकांवर मोठं क्षेत्र देतात, मीठ घालायची गरज कमी होते, आणि जिथे कणांना गोळा करणं परवडत नाही, उदाहरणार्थ जिवंत पेशींत, तिथे ते मोलाचे. पण ते टिकून राहावेत म्हणून बहुतेकदा वर एखादा बहुवारिकाचा (पॉलिमरचा) किंवा साबणासारखा थर द्यावा लागतो. तुमचा रेणू आधीच आत शिरत नाहीये, त्यात तुम्ही दारात आणखी एक पडदा लावणार. शिवाय काही दिवसांत टोकं बोथट होतात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण ग्लुकोजचं. त्याला धातूची जवळजवळ ओढच नाही. त्यावर काम करणाऱ्यांनी कण अधिक टोकदार केले नाहीत. चांदीच्या पृष्ठभागावर डेकेनथायोलचा पातळ थर दिला, ग्लुकोजला त्या थरात शिरून धातूजवळ थांबता यावं म्हणून. १९७४ मधल्या पहिल्या निरीक्षणाचंही असंच. फ्लाइशमान, हेन्ड्रा आणि मॅकक्विलन यांना खरखरीत चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा सिग्नल प्रचंड वाढलेला दिसला, आणि त्यांना वाटलं पृष्ठभाग वाढल्यामुळे जास्त रेणू बसले. १९७७ साली दोन वेगळ्या गटांनी हिशोब करून दाखवलं, की एवढे रेणू बसूच शकत नाहीत, वाढ लाखपटींनी जास्त आहे. तुमची चूक त्याच्या बरोबर उलटी आहे: तुम्ही वाढ मोजत बसलात आणि रेणू मोजायचे राहिले. (हेच फ्लाइशमान पुढे १९८९ मध्ये शीत संलयनाच्या घोषणेत सापडले, तो वेगळा विषय.)

आकड्यांत अहवाल लिहाल तेव्हा आणखी एक. वाढीचा घटक, म्हणजे धातूमुळे एका रेणूमागे सिग्नल कितीपट झाला तो आकडा, दहा कोटी आला, असं लिहिणं सोपं असतं, कारण भागाकाराच्या खाली किती रेणू धरायचे हे आपणच ठरवतो. मी त्याऐवजी शोधमर्यादा लिहिते: कोऱ्या नमुन्याच्या किमान दहा मोजण्या, त्यांच्या विचलनाच्या तिप्पट सिग्नल कुठल्या प्रमाणाला मिळतो तो आकडा, वेगवेगळ्या दिवशी केलेल्या निदान तीन बाटल्यांवर. आणि प्रत्येक मोजणीत एखादा अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या प्रमाणातला पदार्थ, घालते. ड्यूटेरियम घातलेलं डायक्लोफेनॅक मिळालं तर उत्तमच. ते त्याच जागी त्याच ओढीने बसतं, शिखरं मात्र थोडी सरकलेली असतात, त्यामुळे फटींचं नशीब दोघांना सारखंच लागतं आणि गुणोत्तर घेतलं की निघून जातं.

तेव्हा या आठवड्यात टोकदार कण करू नका. सोमवारी सेंट्रिफ्यूजची चाचणी. त्यात रेणू बसलेला दिसला तर मरकॅप्टोबेन्झॉइक आम्ल आणि ७८५, मग मॅग्नेशियम सल्फेट, सगळं ओल्यात. बसलेला नसेल तर थेट सिस्टिअमीनचे कण. दोन्हींपैकी काहीही झालं तरी मला तीन वर्णपट दाखवा: डायक्लोफेनॅकच्या कोरड्या पावडरचा, कोऱ्या नमुन्याचा, आणि खऱ्या नमुन्याचा, तिन्ही एकाच लेझरवर. आणि पाणी कुठलं, ते या वेळी नक्की लिहा.